मागच्या चाकाचे तेल

आमच्या दारात जीप आहे असे सांगितले की वर्गातल्या मैत्रिणी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतात. त्यांनी ती पाहिलेली नसते! माझ्यापेक्षा दोन वर्षांनी थोरली असलेली ही गाडी राजूरहून शेंडी-रतनवाडीच्या वाटेवर माणसे, बाजाराच्या पिशव्या, कधी रात्री-अपरात्री अडलेली बाळंतीण घेऊन धावते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि तीही या जीपच्या कमाईवर. तेव्हा तिच्या दुखण्याविषयी चार ओळी लिहिल्या तर संपादकांनी राग मानू नये.

भाद्रपद सरता सरता मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाने तेल ओघळू लागले. जुन्या गाडीतून तेल गळणे ही काही बातमी नव्हे. इंजिनखाली आम्ही कायमचे एक पत्र्याचे घमेले ठेवलेलेच आहे. पण हे गळणे निराळे. मागच्या आसाच्या मधोमध दातेरी चक्रांचा गोळा असतो, त्यात जाड गीअर ऑइल भरलेले असते. तिथून शाफ्ट चाकाकडे जातो, आणि तो जिथे बाहेर पडतो तिथे एक रबरी कडे बसवतात. तेच ऑइल सील. त्याच्या ओठामागे बारीक स्प्रिंग असते, ती ओठाला फिरत्या शाफ्टवर दाबून धरते. (पूर्वीच्या जीपना ही सीले कातड्याची असत म्हणे.) ओठ कडक झाला, चिरला, की तेल बाहेर! आणि बाहेर लगेच काय आहे, तर ब्रेकचा ड्रम. तेल प्यालेला लायनर चाक धरत नाही.

विठा घाट उतरताना आण्णांना ते कळले. ब्रेक दाबला तशी गाडी उजवीकडे ओढू लागली. मागे अकरा माणसे बसलेली. आण्णांनी गीअर खाली टाकून, दुसऱ्यावर, बैलगाडीच्या चालीने घाट उतरवला. घरी येऊन ते काही बोलले नाहीत. नुसते चाकाशी उकिडवे बसून राहिले.

खरे तर तेच सील त्या पावसाळ्यात बाहेरगावच्या एका गॅरेजात दोनदा बदलून झाले होते. दर वेळी पंधरा-वीस दिवस बरे, की पुन्हा टायरवर काळा पट्टा. या खेपेला राजूरच्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. बॅटरी धरायला मी. त्यांनी आधी तेल बोटावर घेऊन हुंगले. "ब्रेक ऑइल न्हाई. गंधकावानी वास येतोय, गोळ्याचंच हाय." मग खालचा बोल्ट काढून तेल परातीत सोडले. मला वाटले काळेभोर निघेल. निघाले ते दुधाच्या चहासारखे!

"भाऊ, गाडी पान्यात घालता काय?"

"मिस्त्री, रतनवाडीच्या वाटंला पान्यातनं न्हाई तर कुठनं जायाचं?" आण्णा म्हणाले.

नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) सगळ्यांत जास्त पाऊस आमच्या घाटघर-रतनवाडीच्या अंगाला. धरणाच्या काठाकाठाने जाणाऱ्या त्या रस्त्यावर ओहोळ आडवे येतात. मिस्त्रींनी आसाच्या पाठीवर बोट फिरवले आणि चिखलात गाडलेली करंगळीच्या पेराएवढी टोपी मला दाखवली. तिला ब्रीदर म्हणतात. गाडी चालली की गोळा तापतो, आतली हवा फुगते, ती या टोपीतून निघून जायची. टोपी चिखलाने बुजलेली. मग हवा तेलाला सीलच्या ओठातून बाहेर रेटते. आणि तोच तापलेला आस गार ओहोळात उतरला की आतली हवा आकसते व त्याच ओठातून पाणी आत ओढते. "नवं सील टाकून काय व्हनार? त्याला श्वासच घेता येईना!" शाफ्टवर नख फिरवून त्यांनी चरा पडला आहे का तेही पाहिले. नव्हता. सील शे-दीडशेचे, लाकडाचा तुकडा ठेवून चहूबाजूंनी सारखे ठोकत बसवले. ब्रीदरला डिझेलची नळी जोडून तिचे तोंड वर, सीटमागे नेऊन बांधले.

प्रश्न राहिला लायनरचा. नवरात्र तोंडावर आलेले. कळसूबाईच्या यात्रेला बारीपर्यंत नऊ दिवस फेऱ्या असतात. आमची निम्मी दिवाळी आणि माझी सत्राची फी त्यातच. आण्णांनी हळूच विचारले, "पेट्रोलनं धुऊन, पॉलिशपेपर मारून भागंल का?" पुष्कळ जण तसेच करतात. मिस्त्री म्हणाले, "वरनं कोरडा दिसतो. तापला की पोटातलं तेल पुन्हा वर येतं. आन् एकच बाजू बदलली तर गाडी दुसरीकडं वढंल. दोनी चाकांचे घ्या."

दोन्ही चाकांचे लायनर राजुरात मिळेनात. संगमनेरहून यायला तीन दिवस. घटस्थापनेला सकाळीच दारात गिऱ्हाईक उभे राहिले. वडगावची माणसे, जास्त भाडे द्यायला तयार. आई आण्णांकडे पाहत होती. आण्णांनी त्यांना चहा पाजला आणि शेजारच्याच्या गाडीत बसवून दिले. पहिली, दुसरी, तिसरी माळ अशी गेली. भरल्या यात्रेत आमची जीप चाके काढून विटांवर उभी!

चौथ्या माळेला आण्णा बारीला गेले. रात्री परतल्यावर जेवणाआधी बॅटरी घेऊन चाकाखाली वाकले. टायर कोरडा होता. माझ्या फीची मुदत त्याच दिवशी संपली. ती पुढच्या आठवड्यात दंडासह भरली.