आखणीपूर्वीचे देव

अलिबागकडे निघालेली मंडळी वडखळला वळून धरमतरची खाडी ओलांडतात. आम्ही मात्र पेणच्या अलीकडेच, हमरापूर-जोहे परिसरात हटकून थांबतो. तेथील शेडमध्ये शेकडो पांढरे गणपती खांद्याला खांदा लावून उभे असतात. रंग नाही, डोळे नाहीत. आखणी व्हायची असते. गंमत वाटते, किंचित भयही. यांतले बहुतेक प्लास्टरचे. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते घडवण्यास मुभा दिली. आपल्या परवानगीविना नैसर्गिक पाण्यात विसर्जनास मात्र मनाई केली. म्हणजे देव घडावा खाडीकाठी, पण खाडीने त्याला पोटात घेऊ नये! शाडूच्या आणि प्लास्टरच्या आखणीत फरक काय, असे आम्ही एका कारागिराला विचारले. कुंचल्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "डोळे ते डोळेच, साहेब."