गाय उलटली तर 21 दिवस कोणाचे?

सांगोल्याकडे सध्या दूध घालायला गेलं की डेअरीवर एकच विषय. टेस्ट ट्यूब वासरू. कुणाला वाटतं, एक इंजेक्शन दिलं की 20 लिटरची कालवड हजर. कुणी म्हणतं, देवाच्या कामात ढवळाढवळ. आमच्या गोठ्यात तीन संकरित गाई आणि एक खिलार. त्यातल्या एका संकरित गाईच्या पोटात गीरचा भ्रूण ठेवायचा का, यावर महिनाभर घरात खल चाललाय, म्हणून हे लिहितोय.

प्रकार साधा आहे. भरपूर दूध देणाऱ्या गाईच्या बीजांडकोशातून सोनोग्राफीत बघत सुईने बीजांडं काढायची, प्रयोगशाळेत दिवसभर पिकवायची, वळूच्या वीर्याशी फलन करायचं. सातव्या दिवशी भ्रूण तयार होतो. तो अशा दुसऱ्या गाईत ठेवायचा, जिचा माज सात दिवसांपूर्वी येऊन गेलाय. म्हणजे एरवी वर्षाला एक वासरू देणारी जातिवंत गाय न विता कितीतरी वासरांची आई होते. यात नवल काही नाही. अमेरिकेत असं पहिलं वासरू 1981 सालीच झालं, आणि म्हशीचं जगातलं पहिलं रेडकू आपल्याच कर्नालला, 1990 मध्ये. ब्राझीलने तर आपली गीर नेली आणि याच तंत्राने तिचे कळप वाढवले. आपण इथे गाईला राज्यमाता जाहीर करून फोटो काढत बसलो, हा भाग वेगळा.

तंत्राला माझा विरोध नाहीच. माझा प्रश्न हिशोबाचा आहे.

10 गाईंत भ्रूण ठेवले तर साधारण तीन-चार गाभण राहतात. बाकीच्या उलटतात. राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये निश्चित गर्भधारणेमागे 5000 रुपये अनुदान आहे. निश्चित गर्भधारणेमागे, हे शब्द नीट वाचा. गाभ राहिला तर पैसे, हे तत्त्व चांगलंच, कारण काम न करता बिल फाडणाऱ्याला चाप बसतो. पण गाभ राहिला नाही तर? भ्रूणवाला दुसऱ्या गोठ्यात जातो. आमची गाय पुढच्या माजापर्यंत 21 दिवस उभी राहते, आणि खाते. आमच्या वहीत एका गाईचा चारा-पेंडीचा खर्च दिवसाला 200 च्या घरात जातो. 21 दिवसांचे 4200. त्यात माज मुका गेला तर अजून 21. वेत लांबलं की दूधही लांबलं.

कृत्रिम रेतनातही गाय उलटते, मान्य. पण ती कांडी स्वस्त असते, आणि फिरून भरवायला कुणाची वाट बघावी लागत नाही. भ्रूणासाठी ठरलेल्या तारखेला गाई एकत्र माजावर आणायच्या, इंजेक्शनं द्यायची, गाडी यायची. ती चुकली की पुढची तारीख कधी, कुणाला माहीत.

आई एका वाक्यात बोलली. "राहिला गाभ तर सोनं रे, पण उलटली तर पेंड कोण घालणार?"

आणि गाभ राहिला तरी थांबणं संपत नाही. नऊ महिन्यांनी कालवड झाली, तर गीरची कालवड पहिल्यांदा वेईपर्यंत तीन-साडेतीन वर्षं जातात. म्हणजे आज ठेवलेल्या भ्रूणाचं दूध चार वर्षांनी. तेव्हा दुधाला भाव काय असेल? 2023 च्या जुलैत सरकारने 34 रुपये जाहीर केले, आणि काही महिन्यांत हातात किती पडत होते ते तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय गोऱ्हा झाला तर? 2015 च्या कायद्यानंतर तो विकायची वाट बंद. म्हणून लिंगनिश्चित वीर्य स्वस्त होणं गरजेचं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये वाशिमला देशी तंत्राचं उद्घाटन झालं तेव्हा बरं वाटलं होतं. ते आमच्या दवाखान्याच्या फ्रीजपर्यंत यावं.

मोठ्या गोठ्याला हे सगळं परवडतं. 50 पैकी 30 उलटल्या तरी 20 राहतात. तीन गाईवाल्याचं नशीब मात्र एका नाणेफेकीवर. म्हणून माझी मागणी छोटी आहे: पाचच्या आत गाई असलेल्यांना उलटलेल्या गाईमागे त्या 21 दिवसांची पेंड द्या. तेवढी जोखीम सरकारने उचलावी.

आणखी एक. हे सगळं दुधाच्या जातींसाठी चाललंय. आमच्या खिलारीला दुधाचा आकडा नाही, त्यामुळे बीजांडं काढायला तिच्याकडे कोण येणार? डांगीचं तेच. उन्हात दिवसभर औत ओढणाऱ्या जनावराला गुण कुठल्या रकान्यात द्यायचे, हे कुणीतरी ठरवायला हवं.

आपल्या तालुक्यात कुणी भ्रूण ठेवून घेतला असेल तर खाली लिहा. किती वेळा ठेवला, किती दिवस गेले, हातात काय आलं. यशाचे फोटो नकोत, ते मोबाईलवर रोज येतात. उलटलेल्या गाईंचे आकडे हवेत.