तीन फेजांपैकी दोन

वरणगाव मागे पडलं की महामार्गावरून दीपनगरच्या चिमण्या दिसू लागतात. महानिर्मितीच्या या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॉटचे दोन मोठे संच आहेत, त्यांच्या जोडीला ६६० मेगावॉटचा नवा संच आला आहे. पाणी तापीवरच्या हतनूर धरणाचं. एवढी वीज जिथे तयार होते, त्या भुसावळात दाजी चार्जरसमोर कपाळाला हात लावून बसले होते. शेजारी मी.

मे महिन्यातली दुपार होती आणि अकोल्याहून धुळ्याला जायचं होतं. दाजींची गाडी लहान, बॅटरी २४ युनिटांची. कागदावर ती तीनशे किलोमीटरच्या पुढे जाते. खानदेशच्या उन्हात, एसी लावून आणि ऐंशीचा वेग धरून ती पावणेदोनशेच्या आसपास हात टेकते. भुसावळात शिरताना पडद्यावर १६ टक्के उरले होते. जळगाव पंचवीसेक किलोमीटर पुढे. म्हणजे पोचलो तर पोचलो, नाहीतर नशिराबादच्या आसपास कुठेतरी टोइंगवाल्याची वाट बघत उभे.

दाजी मुळात सावध माणूस. आदल्या रात्रीच त्यांनी ॲपमध्ये चार्जर हेरून ठेवला होता. तिथे हिरवा ठिपका होता आणि आम्ही हॉटेलच्या आवारात शिरलो तेव्हाही तो हिरवाच होता. चार्जरचा पडदाही उजळलेला होता. गन लावली, पैसे कापले गेले, मिनिटभर यंत्र कुरकुरलं आणि लाल दिवा लागला. पुन्हा गन लावली, पुन्हा लाल.

हेल्पलाइनवरचा मुलगा फार अदबशीर होता. "सर, लाल बटण दाबून फिरवा." फिरवलं. "सर, तिथे लाइट आहे ना?" आहे की! हॉटेलातले पंखे गरगरत होते, फ्रीजमध्ये ताक गार होतं. "मग होऊन जाईल, सर."

झालं नाही. उत्तर शेवटी वॉचमनने दिलं. "काका, काल संध्याकाळी वादळ आलं, तेव्हापासून डीपीवरचा एक फेज गेलेला आहे. वायरमनला सांगितलंय, पण तो एकटा कुठे कुठे पुरणार?"

भानगड एवढीच होती. पंखे, दिवे, फ्रीज एका फेजवर चालतात. जलद चार्जरला तिन्ही फेज लागतात, एक नसला तरी तो वीज द्यायला नकार देतो. पडद्याला आणि आतल्या सिमकार्डाला लागणारी चिमूटभर वीज मात्र शाबूत फेजवरून मिळत होती. त्यामुळे यंत्र दूरच्या सर्व्हरला आपण ठणठणीत असल्याचं कळवत होतं आणि ॲप ते निमूट मानत होतं. मे-जूनमध्ये रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करणारी वादळं विजेच्या तारा थोड्याच सोडतात! हे खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, ॲपला नाही.

आणि गंमत अशी की त्याच वेळी गावातून रेल्वेगाड्या बिनघोर धावत होत्या. रेल्वेची २५ हजार व्होल्टची तार गावातल्या डीपीवर अवलंबून नसते. तिची स्वतःची उपकेंद्रं असतात, एक बंद पडलं तर शेजारच्या उपकेंद्राकडून वीज घेता येते आणि बिघाड झाला की धावून जाणारी माणसं ठरलेली असतात. महामार्गावरच्या चार्जरपाशी आम्हाला भेटला तो एक वॉचमन, आणि त्याच्याकडे पॅनेलची किल्लीही नव्हती.

वाट काढली हॉटेलमालकाने. "पंधरा अँपिअरचा प्लग चालेल का?" दाजींनी डिकीतली केबल काढली. पहिल्या प्लगवर तिच्या डबीचा लाल दिवा लागला, कारण त्या प्लगला अर्थिंगच नव्हतं, आणि अर्थिंगशिवाय ही केबल काम करत नाही. मग मसाला दळायच्या चक्कीचा प्लग मोकळा करून दिला. तिथे हिरवा दिवा. तासाला तीनेक युनिट, म्हणजे वीसेक किलोमीटर. तासाभरात आमची शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाऊन झाली. मालक विजेचे पैसे घ्यायला तयार नव्हते, त्यांना वाटत होतं की वीज अशी विकणं गुन्हा आहे. तसं नाही. चार्जिंग ही सेवा आहे, त्यासाठी वीज कायद्याखालचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच केला आहे. महामार्गावरच्या प्रत्येक ढाब्याने हे समजून घेऊन एक धड अर्थिंगचा प्लग बसवला, तर निम्मी चिंता मिटेल.

एसी बंद ठेवून जळगाव गाठलं. तिथला चार्जर सुरू होता.

हे रडगाणं एकट्या भुसावळचं नाही. २०२२ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या जलद चार्जरच्या ६५७ गन संशोधकांनी जागेवर जाऊन तपासल्या, तेव्हा ७२.५ टक्केच चालू निघाल्या. अमेरिकेने २०२३मध्ये सरकारी मदतीच्या चार्जरना ९७ टक्के वेळ चालू राहण्याची अट घातली. ब्रिटनने नोव्हेंबर २०२४पासून जलद चार्जरच्या जाळ्यांना सरासरी ९९ टक्क्यांचं बंधन लावलं, शिवाय चोवीस तास फुकट हेल्पलाइन. आपल्याकडे घोषणा होते ती अंतराची. राज्याच्या २०२५च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं ठरलं आहे. ठीक आहे. पण बंद पडलेले चार्जर दर पाच किलोमीटरला असले तरी प्रवासी रस्त्यावरच. राज्य सरकारने अंतराच्या अटीशेजारी 'चालू' असण्याची अट आणि ती मोडल्यास दंड लिहावा. चार्जर ज्या फीडरवर आहे तिथला शटडाऊन आणि बिघाड महावितरणकडून थेट ॲपमध्ये दिसेल, अशी व्यवस्था करावी.

तोवर या रस्त्याने जाणाऱ्यांनी मलकापूरच्या आसपासच थोडं चार्ज करून घ्यावं, बॅटरी तीस टक्क्यांखाली जाऊ देऊ नये आणि निघण्याआधी चार्जरच्या आवारातल्या माणसाला फोन लावावा. त्याला "लाइट आहे का" असं विचारू नका, "तिन्ही फेज आहेत का" असं विचारा.