अकरा महिन्यांची खोली

भाड्याच्या घराला माया लावू नये, असे व्यवहारी माणसे सांगतात. आम्ही वकील मंडळी तर हेच कायद्याच्या भाषेत सांगून त्याचे शुल्क घेतो. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. ते सव्यापसव्य टळावे म्हणून करार अकरा महिन्यांचा करण्याची वहिवाट पडली. परंतु मुलांचे बालपण असे मुदती पाहून येत नाही. ते एकदाच येते, आणि ज्या छपराखाली येते ते छप्पर जन्मभर आपलेच वाटते.

पणजीतील आमचे सध्याचे बिऱ्हाड मोठे चमत्कारिक आहे. एका जुन्या घराच्या वाटण्या होता होता जे उरले, ते आम्हांला मिळाले. माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या खोलीला पाच भिंती आहेत. एक दार उघडले की पुढ्यात शेजारची भिंत येते. खिडकीला काचांऐवजी शिंपा बसविलेल्या आहेत. त्यांतून गाळून आलेले दुपारचे ऊन नारळाच्या पातळ रसासारखे दिसते.

ही खोली सजवावी, असा मुलीने हट्ट धरला. मी तिला १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ समजावून दिले. मालकाच्या संमतीवाचून भाडेकरूने कायमचे बांधकाम करू नये. स्वतः जोडलेल्या वस्तू घर ताब्यात असेतो काढून न्याव्यात, मात्र जागा जशी मिळाली तशी परत करावी. खिळा काढून नेता येतो. त्याचे भोक नेता येत नाही. सगळे शांतपणे ऐकून तिने विचारले, “म्हणजे बाबा, हें घर आमचें न्हय?”

न्यायासनापुढे मला सहसा तारीख मागून घेता येते. येथे ती सोय नव्हती.

तोड माझ्या आईने काढली. “माटोळी कोणी भिंतीत गाडतो काय?” एवढेच ती म्हणाली. चवथीला गणपतीच्या डोक्यावर आपण लाकडी चौकट टांगतो. तिला नारळ, सुपारीची शिपटी, आंबाडे, कवंडळे बांधतो. आणि विसर्जन झाले की सारे उतरवून ठेवतो. त्या सजावटीतले काहीच कायमचे नसते, म्हणून तिच्यातली भक्ती काही कमी भरत नाही. आम्ही तशीच एक लहान चौकट छपराच्या वाशांना सुंभाने बांधली. मुलीने तिला कागदी पाखरे, करवंट्या आणि मिरामारच्या वाळूतले शिंपले लटकविले. त्या आंधळ्या दारामागे तिने मांडवी नदीचे चित्र टांगले, फेरीबोटीसकट. आता दार उघडले की भिंत दिसत नाही, पैलतीर दिसतो.

राहिला तो तिचा प्रश्न. त्याचे उत्तर मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा आपल्या देवळांत अधिक सापडले. १५६० मध्ये श्रीमंगेशाला कुशस्थळी सोडून प्रियोळला यावे लागले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. अंत्रूज महालात देव आले तेव्हा पहिली जागा सुटलेली होती आणि दुसरी अनोळखी होती. तेथे रोज दिवा लागला, नैवेद्य झाला, पालखी निघाली, आणि परकी भूमी देवाची झाली. आज कवळ्याला शांतादुर्गा पाहुणी आहे, असे कोण म्हणेल?

मुलीला मी एवढेच सांगितले की, घर मालकाचे आहे, त्यातले आपले राहणे आपले आहे. कायदाही मालकी आणि ताबा या दोन गोष्टी वेगळ्या मानतो. मुदत सरेल तेव्हा चौकट उतरवू, सुंभ सोडू, पाची भिंती जशाच्या तशा मालकाच्या हवाली करू. शिंपांतून येणारे ते ऊन मात्र तिच्याजवळ राहील. ते परत मागण्याचे कलम अद्याप कोणत्याही कायद्यात नाही.