डौल

होडी सुंदर का दिसते, हा प्रश्न मला पुष्कळदा पडतो. कोकणातला मचवाच पाहावा. पुढची नाळ ऐटीत उचललेली, आणि काठ तिच्यापासून हळूच खाली उतरत आलेला. चित्रकार ती रेषा काढताना जीभ बाहेर काढून रमतात. कवी तिच्यावरून कुणाची मान आठवतात. पण नाळ उंच असते ती लाट आत येऊ नये म्हणून, आणि काठ उतरतो तो जाळे ओढणाऱ्या हाताला पाणी जवळ असावे म्हणून. लाट म्हणते उंच हो, जाळे म्हणते खाली बस. या भांडणात जी तडजोड निघते तिला आपण काठावर उभे राहून डौल म्हणतो!

खोल समुद्रात हौसेने मासे धरणाऱ्या अमेरिकन बोटींचेही तेच. नाक उंच नि पसरट, मागचा काठ बुटका, आणि मासा हेरायला डोक्यावर मनोरा. रे हंट यांनी आखलेल्या ‘मॉपी’ने १९६० साली खवळलेल्या पाण्यात मियामी ते नासाऊ ही शर्यत जिंकली, ती तळ मागच्या टोकापर्यंत पाचरीसारखा खोल ठेवल्यामुळे. पाचर लाट कापते खरी; पण बोट उभी राहिली की तीच पाचर तिला अधिक डुलवते. पाणी काही फुकट देत नाही.

आमच्या वैनगंगेने डोंग्याकडून एवढे कधी मागितले नव्हते. उन्हाळ्यात वाळूवर गुडघाभर पाणी. तिथे लांबट, सपाट तळाचा, वीतभर काठाचा डोंगाच हवा. त्याचा काठ पट्टीने आखल्यासारखा सरळ. चित्रकाराने त्याच्याकडे दोनदा पाहू नये. पुढे २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दच्या धरणाचे भूमिपूजन झाले. आज ३३ दरवाजांच्या मागे नदीचा सागर झाला आहे, नावही ‘इंदिरा सागर’. गावे बुडाली, माणसे उठून नव्या वसाहतींत गेली. डोंगा मात्र जुन्या नदीचाच राहिला. वाऱ्याला धावायला मोकळे पाणी जितके लांब, तितकी लाट मोठी. वीतभर काठाला ती कशी पुरावी?

(सहलीच्या तळ्यांतून हंसाच्या आकाराच्या होड्या असतात, त्यांची मला नेहमी गंमत वाटते. हंसाला लांब मान असते ती पाण्यातले खाणे उचलायला. या होडीची मान फक्त फोटोसाठी.)

धरणाच्या काठी एका वृद्ध धीवराजवळ मी हा विषय काढला. “बाबा, पुढून डोंगा उंच का करून घेत नाही?”

ते हसले. “उंच केला का वारा त्याले धरते, गुरुजी. मी एकटाच वल्हवतो. मंग डोंगा मले घेऊन जाते, मी त्याले नाई.”

“आणि बाजू उंच केल्या तर?”

“तं जाळं ओढतानी मीच पान्यात जाईन जी!”

“मग वारा सुटल्यावर?”

“काठाकाठानं जातो.”

“पण मासे मधल्या पाण्यात असतील तेव्हा?”

“मधी पोरगा जाते,” बाबा म्हणाले. आता ते हसत नव्हते.

पोराचा डोंगा जवळच वाळूवर ओढून ठेवला होता. पुढच्या टोकाला त्याने एक नवी फळी तिरकी ठोकली होती. मधला काठ जुनाच, जाळ्यासाठी राखलेला. सरळसोट डोंग्याला पुढे किंचित बाक आला होता. फळीचा रंग जुळत नव्हता, खिळ्यांची डोकी वर राहिली होती, आणि सांध्यात डांबर अजून ओले होते. बाबांनी फळीवर हात दाबून पाहिला, एक खिळा अंगठ्याने चाचपला.

“पान्यात पाहू,” ते म्हणाले.