राउटर घेण्याआधी भिंती मोजा



आजचा विषय कुठल्या पाठ्यपुस्तकातला नाही, पण आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे. "बाई, वायफायचा राउटर कुठला घ्यावा?" हा प्रश्न हल्ली पालकसभेतही येतो. उत्तर देण्याआधी माझी एक चूक सांगते.

२०२० च्या टाळेबंदीत आपण सगळेच ऑनलाइन तास घेत होतो. माझा सातवीचा गणिताचा तास शेवटचा, दुपारी साडेबाराचा. एक मुलगी रोज त्याच तासाला मध्येच गायब व्हायची. पाच-दहा मिनिटांनी परत यायची आणि म्हणायची, "बाई, नेट गेलं होतं." एक दिवस मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "तुझं नेट बरोबर गणितालाच कसं जातं गं?" मुलं हसली. त्यानंतर ती तासाला असायची, पण एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायची नाही.

हे मी विसरूनही गेले होते. मग एकदा आमचं ऑनलाइन प्रशिक्षण होतं. घरात गडबड नको म्हणून मी आतल्या खोलीत दार लावून बसले. तासाभरात चार वेळा बाहेर फेकली गेले. मार्गदर्शक म्हणाले, "मॅडम, स्वयंपाक नंतर करा, आधी प्रशिक्षण पूर्ण करा." सगळे हसले. आणि मला ती मुलगी आठवली.

त्याच संध्याकाळी नेटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, १०० चा प्लॅन पुरत नाही, २०० चा घ्या." मी घेणारच होते. पण माझा भाचा म्हणाला, "मावशी, थांब. आधी मोबाइल घेऊन राउटरशेजारी उभी राहा आणि स्पीड बघ. मग आतल्या खोलीत जाऊन परत बघ."

राउटरशेजारी ९४ एमबीपीएस. आतल्या खोलीत ४!

म्हणजे लाइन चांगली होती, अडचण घरातच होती. आमचा राउटर टीव्हीच्या शोकेसमध्ये, काचेच्या दारामागे ठेवलेला. तिथून आतल्या खोलीपर्यंत दोन विटांच्या भिंती आणि एक लोखंडी कपाट. २०० चा प्लॅन घेतला असता, तरी त्या कपाटाला काय फरक पडणार होता?

म्हणून पहिला धडा हा: खरेदीआधी ही चाचणी करा. राउटरजवळही स्पीड कमी असेल, तर तक्रार कंपनीकडे करा. जवळ चांगला आणि लांब वाईट असेल, तर राउटरकडे आणि भिंतींकडे बघा. एका मुलाच्या व्हिडिओ तासाला साधारण ३-४ एमबीपीएस पुरतात. पण ते त्याच्या टेबलापर्यंत पोचले पाहिजेत ना!

दुसरा धडा फुकटचा आहे. राउटर शोकेसमधून बाहेर काढा. घराच्या शक्य तितक्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी ठेवा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, फिश टँक यांच्याआड नको. मायक्रोवेव्हजवळही नको. आम्ही लांब केबल टाकून राउटर पॅसेजमधल्या फळीवर नेला आणि आतल्या खोलीत ४ चे ३५ झाले. खर्च झाला तो फक्त केबलचा.

आता थोडं विज्ञान, कारण ते मुलांनाही सांगता येईल. बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ ची लहर भिंतीतून बरी जाते आणि लांब पोचते, पण तिथे गर्दी फार. शेजाऱ्यांचे वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे तिथेच. ५ ची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते. म्हणून राउटरच्या खोलीत ५ वापरा, लांबच्या खोलीत २.४.

एवढं करूनही भागत नसेल, तरच नवीन राउटर घ्या. दुकानात हे बघा.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. "१२००" लिहिलेलं असतं, ती दोन्ही पट्ट्यांच्या कागदावरच्या वेगाची बेरीज असते, साधारण ३०० आणि ८६७. एका मोबाइलला ते कधीच मिळत नाही.

पोर्ट गिगाबिटचे आहेत का, ते विचारा. स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. प्लॅन ३०० चा घेतलात तरी आत येणार शंभराच्या आतच.

शक्यतो वायफाय ६ घ्या. घरात दोन मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही एकाच वेळी चालू असतील, तर तो ही गर्दी जास्त नीट सांभाळतो. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए ३ असावं, निदान डब्ल्यूपीए २ तरी हवंच. कंपनी सॉफ्टवेअरचे अपडेट देते का, हेही विचारा. घरी आणल्यावर आधीचा पासवर्ड लगेच बदला.

घर मोठं किंवा दुमजली असेल, तर एकच महागडा राउटर घेण्यापेक्षा मेश संच बरा. स्वस्त एक्स्टेंडर बऱ्याचदा वेग निम्म्यावर आणतो. आणि मुलाच्या अभ्यासाच्या टेबलापर्यंत लॅनची केबल टाकता आली, तर त्यासारखं भरवशाचं काहीच नाही.

आपल्याकडे वीज जाते, हेही धरून चाला. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील, तर दोन्हींना बॅकअप हवा. एकच चालू राहून उपयोग नाही.

आता त्या मुलीविषयी. ती आता कॉलेजात जाते. मध्यंतरी बाजारात आईबरोबर भेटली. मी तो विषय काढला आणि तिची माफी मागितली. ती आधी लाजली, मग म्हणाली, "बाई, आम्ही वरच्या काकांचा वायफाय वापरायचो. मध्ये स्लॅब, त्यामुळे घरात रेंजच नव्हती. मी जिन्यात बसायचे. पण साडेबाराला तिथे ऊन यायचं, मोबाइल तापून बंद पडायचा."

बरोबर गणितालाच का, याचं उत्तर मला इतक्या वर्षांनी मिळालं. तेव्हा मी प्रश्न विचारला होता, पण उत्तर ऐकायला थांबले नव्हते.

म्हणून पालकहो, राउटर निवडताना मूल नेमकं कुठे बसून अभ्यास करतं, ते आधी बघा. आणि शिक्षकांनो, "नेट गेलं" असं कुणी म्हणालं, तर हसण्याआधी एकदा विचारा, "बाळा, तू बसतोस कुठे?"