एक टक्का माणसं, किती टक्के गल्ला?

१९९४ साली अमेरिकेतल्या कॅसिनोमालकांना धास्ती बसली. क्लिंटन सरकार कल्याणकारी योजनांच्या फेररचनेसाठी पैसा शोधत होतं आणि जुगाराच्या ढोबळ उत्पन्नावर ४ टक्के केंद्रीय कर लावण्याचा विचार पुढे आला होता. एरवी एकमेकांचं गिऱ्हाईक पळवणाऱ्या कंपन्या एकत्र आल्या. कर बारगळला, एकी टिकली. १९९५ मध्ये वॉशिंग्टनला ‘अमेरिकन गेमिंग असोसिएशन’चं कार्यालय सुरू झालं. प्रमुखपदी आले फ्रँक फॅरनकॉफ, नेवाडाचे वकील आणि रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे माजी अध्यक्ष. राजधानीत त्यांना सगळे ओळखत होते आणि कंपन्यांना तेच हवं होतं.

जुगाराचं अर्थकारण हा माझ्या अभ्यासाचा विषय. व्यापारी संघटना म्हटलं की लोकांना मंत्र्यांच्या भेटीगाठी आणि निवडणुकीच्या देणग्या आठवतात. मला त्याहून मोठं वाटतं ते संशोधनामागे उभं केलेलं बळ. १९९६ मध्ये उद्योगाच्याच पैशातून ‘नॅशनल सेंटर फॉर रिस्पॉन्सिबल गेमिंग’ निघालं. त्याच्या निधीवर हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये आधीच्या अनेक पाहण्या एकत्र तपासल्या. वर्षभरात जुगाराच्या गंभीर व्यसनात सापडलेले प्रौढ साधारण १ टक्का, असा त्यांचा अंदाज निघाला. अभ्यास सचोटीचा आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो आवर्जून वाचायला लावतो. पण उद्योगाच्या तोंडी पुढे तो एकच आकडा राहिला. एक टक्क्यासाठी बाकीच्यांची करमणूक का रोखायची, या प्रश्नाला उत्तर देणं अवघड जातं.

त्या एक टक्क्याचा गल्ल्यातला वाटा किती, हे मात्र त्यातून कळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने १९९९ मध्ये नेमकं तेच मोजलं. तिथे जुगार हाताबाहेर गेलेले लोक प्रौढांच्या २.१ टक्के होते आणि जुगारात गेलेल्या एकूण पैशात त्यांचा वाटा सुमारे एक तृतीयांश! माझ्या मते या धंद्याबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. त्याच वर्षी जुगाराच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आयोगाने जुगाराचा विस्तार जरा थांबवा, अशी शिफारस केली. विस्तार थांबला नाही.

संघटनेचं चांगलं काम मी नाकारत नाही. क्रीडासट्ट्याच्या जाहिरातींत ‘जोखीममुक्त’ म्हणायचं नाही, हे २०२३ मध्ये तिच्याच आचारसंहितेने ठरवलं. पण स्वतःच्या सभासदांचा गल्ला उघडा करून दाखवणं कुठल्याच संघटनेला परवडणार नाही. ते सरकारचं काम.

आपल्याकडे गोव्यातल्या कॅसिनोंत गोवेकरांना खेळायला फेब्रुवारी २०२० पासून बंदी आहे. म्हणजे हरणारा बाहेरून आलेला असतो. कर पणजीत जमा होतो, कर्ज कोल्हापूरच्या, बेळगावच्या घरात जातं. म्हणून गोवा सरकारला माझी विनंती आहे: परवान्याच्या अटींत एक रकाना वाढवा. सर्वाधिक हरणाऱ्या १ टक्का ग्राहकांकडून वर्षाला किती उत्पन्न आलं, ते प्रत्येक कॅसिनोकडून लिहून घ्या आणि विधानसभेपुढे ठेवा.